टेकडीवरचा गोंगाट

लेथवर पस्तीस वर्षं काढलेल्या त्या टर्नरला कारखान्यात कुणी नावानं हाक मारली नाही. सगळे त्याला सूतभर म्हणत. शाफ्ट सूतभर कमीजास्त झाला की तो भंगारात टाकायचा, मग साहेब कितीही आदळआपट करोत. जुनं यंत्र विकत घ्यायचं असलं की कंपनी आधी त्यालाच बघायला पाठवायची. तो यंत्र चालू करायला लावायचा, त्यावर तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा. आवाज करणाऱ्या यंत्राला नमस्कार करून परत यायचा. "खडखडतंय म्हणजे कुठेतरी ढिलं आहे," एवढंच सांगायचा. त्यानं पास केलेलं यंत्र कधी दगा देत नसे.

घरात मात्र त्याला एक खडखड चालायची, मुलीची. रोज जेवताना दोघांची जुंपायची. संप बरोबर की चूक, पगार कुणी ठरवावा, खोटं बोलून कुणाचं भलं होत असेल तर बोलावं का. "तुम्ही म्हणता म्हणून?" हा तिचा ठेवणीतला प्रश्न. बायको म्हणायची, "हात वाळले दोघांचे. निकाल लागला की मला उठवा."

शाळा संपल्यावर मुलीनं ठरवलं, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र, तिन्हींची मिळून एकच पदवी घ्यायची. असा अभ्यासक्रम दोन विद्यापीठांत होता. एक टेकडीवर, एक नदीकाठी. दोन्हीकडे तिला जागा मिळाली. तिचा जीव टेकडीवर अडकला होता. तिथल्या तत्त्वज्ञानाच्या बाईंना तिनं लांबलचक पत्रही लिहिलं होतं.

"बाबा, तुम्ही दोन्ही बघून या," ती म्हणाली.

"आणि टेकडी नाही पटली तर?"

"तर नाही जाणार. शब्द. पण तुम्हाला पटणारच. पैज लावा."

त्यानं दोन दिवसांची रजा टाकली.

टेकडीवर पोचला तेव्हा अकरा वाजले होते. कामाची ऐन वेळ. वर्ग रिकामा, फळ्यावर अर्धं वाक्य, आणि पंधरा-वीस पोरं बाहेर पायऱ्यांवर तावातावानं भांडताहेत. मधोमध केस पिकलेल्या बाई चहाचा पेला घेऊन पायरीवरच बसलेल्या. एक मुलगा त्यांना तोंडावर म्हणाला, "बाई, तुमचं चुकतंय." बाई हसल्या. घंटा झाली, कुणी उठलं नाही. सूतभरनं घड्याळ लावून अर्धा तास पाहिलं. एकाच्याही हातात वही नव्हती.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी. तिथं वर्ग घंटेला भरत होते, घंटेला सुटत होते. व्हरांड्यात चालताना त्याला स्वतःच्याच चपलांच्या आवाजाची लाज वाटली. दारातून डोकावला. साठ माना खाली, साठ पेनं चालू.

"नदीकाठी," त्यानं घरी येऊन सांगितलं.

मुलीचा घास हातातच राहिला. "चेष्टा करताय?"

"कामाच्या वेळेला गप्पा मारतात तिथं टेकडीवर. बाईसुद्धा."

"कसल्या गप्पा, ऐकलंत?"

"ऐकायचंय काय? सगळे एकदम बोलत होते."

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही दोघं तरी कधी पाळीपाळीनं बोलता?"

मुलीनं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "शब्द दिलाय." टेकडीवरची जागा तिनं स्वतः फोन करून सोडली.

पहिल्या वर्षी तिला गुण भरपूर पडले. सुट्टीत घरी आली की जेवायची आणि उठायची. सूतभर मुद्दाम कुरापत काढायचा. ती म्हणायची, "असेल, बाबा."

"शहाणी झाली," तो बायकोला म्हणाला.

"शहाणी कसली? मुकी झाली."

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो न सांगता नदीकाठी गेला. वर्गाबाहेर तासभर उभा राहिला. सर पिवळ्या पडलेल्या कागदांवरून वाचत होते, मुलगी चौथ्या रांगेत लिहून घेत होती. तिनं एकदाही मान वर केली नाही.

"शंका कधी विचारता गं?" बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"शेवटची पाच मिनिटं ठेवलीत. पण मजकूर संपत नाही, मग तीही त्यातच जातात."

"तुला काही वाटत नाही?"

"सवय होते."

हे उत्तर त्यानं कारखान्यात ऐकलं होतं, यंत्रात बोट गेलेल्यांच्या तोंडून.

तिथून तो तडक टेकडीवर गेला. बाई पायऱ्यांवरच होत्या. यावेळी तो खालच्या पायरीवर बसला आणि ऐकू लागला. कामावर माणूस जखमी झाला तर दोष कुणाचा, असा वाद होता. घाई करणाऱ्याचा, घाई करायला लावणाऱ्याचा, की स्वस्त माल मागणाऱ्या आपल्या सगळ्यांचा? एकानं मांडायचं, दुसऱ्यानं खिळा न खिळा उचकटायचा, पहिल्यानं पुन्हा बांधायचं. एक मुलगी कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "थांबा, मला पहिल्यापासून विचार करू द्या." बसल्या जागी एवढी मेहनत करणारी माणसं त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती.

तास संपल्यावर तो बाईंसमोर उभा राहिला. मुलीचं सांगितलं, पत्राचं सांगितलं.

"ती? अहो, तिनं माझ्या पुस्तकातल्या तीन चुका काढल्या होत्या! दोन खऱ्या निघाल्या. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मी तिलाच शोधत होते. का नाही आली?"

"मी बघायला आलो होतो," सूतभर म्हणाला. "मी नको म्हटलं."

मधल्या वर्षात कुणाला घेत नाहीत, पण पहिल्यापासून यायची तयारी असेल तर तिनं अर्ज करावा, इतकंच बाईंनी सांगितलं.

सुट्टीत मुलगी घरी आली. जेवताना त्यानं सगळं सांगितलं. "मला काम ओळखताच आलं नाही," तो म्हणाला. "तू पहिल्यापासून जा. दोन वर्षं गेली तर गेली."

"कशाला आता? एकच वर्ष राहिलंय."

"अगं, पण तुला हवं होतं ना ते?"

"होतं."

"मग भांड माझ्याशी! म्हण, बाबा, तुम्ही माझं वाटोळं केलंत. काहीतरी बोल."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, रुसवाही नव्हता.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "चुकलंच तुमचं. अजून वाढू का?"