अमडापूरच्या माळावरचा मंगळ

मंगळावर नळ गळतात का? गळतात. मी स्वतः त्यांचे वायसर बदललेत.

संगमनेरात आमचं पाण्याच्या मोटारी आणि फिल्टर दुरुस्तीचं दुकान आहे. मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. बुलढाणा जिल्ह्यात काही हौशी संशोधकांनी मंगळावरच्या घराची नक्कल उभी केली होती. चौघांनी तीन आठवडे आत राहायचं, पाणी मोजून, वीज मोजून, आणि बाहेर पडायचं तर अंतराळवीराचा पोशाख चढवूनच. त्यांना शास्त्रज्ञ ढिगाने मिळाले होते, पण पान्हा धरणारं कुणी मिळेना. भावाने जाहिरात दाखवून मला चिडवलं, म्हणाला, तुझ्या तोंडाला भिऊन मंगळ पृथ्वीपासून आणखी लांब जाईल. झालं, मी त्याच दिवशी अर्ज केला. राहणं-खाणं त्यांचं, प्रवासखर्च आपला.

रस्ता नीट सांगते, कारण मला कुणी धड सांगितला नव्हता. जालन्याहून देऊळगाव राजामार्गे चिखलीची एसटी घ्या. देऊळगाव राजाला गाडी थांबते तेवढ्यात बालाजीला लांबूनच हात जोडून घ्यावेत, देवळापर्यंत जायच्या भानगडीत पडू नये. माझ्या शेजारची बाई पडली, तिची पिशवी एकटीच चिखलीला पोचली. चिखलीला आलुबोंडा आणि रस्सा खा. नाकाडोळ्यांतून पाणी येतं, पण पुढे तीन आठवडे वाळवलेला उपमा खायचाय हे ध्यानात ठेवून मी दोन प्लेटा हाणल्या. चिखलीहून खामगावकडे जाणारी कुठलीही गाडी अमडापूरला सोडते. तिथे ऑटोवाल्याला नुसतं 'मंगळ' म्हटलं की तो रस्ता विचारत नाही.

माळ मुरमाड, तांबूस, गवतसुद्धा नाखुशीने उगवलेलं. त्यावर पांढरे दोन घुमट आणि मध्ये बोगदा. माळाच्या तिन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याला लागेल एवढी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. माळ आणि पऱ्हाटी दोन्ही अन्वरभाईंची. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. दार बंद होण्याआधी आमची प्रमुख रश्मी त्यांना नियम समजावत होती. आता आम्ही मंगळावर, त्यामुळे हाक मारायची नाही, हात करायचा नाही, दार वाजवायचं नाही. आम्हीही त्यांच्याकडे बघणार नाही. रश्मीची पीएचडी या तीन आठवड्यांवर अडकली होती. आधीच्या तुकडीचं कुणी तरी मध्येच चहाला बाहेर गेलं आणि सगळं वाया गेलं होतं. अन्वरभाईंनी सगळं मान खाली घालून ऐकलं. म्हणाले, "समजलं. तुम्ही मंगळावर, मी वावरात. मी दिसलो तरी नाई दिसलो समजा."

मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत.

आतलं जगणं ऐकायला भारी वाटतं, पण खरं सांगायचं तर ते चाळीतल्या संसारासारखंच आहे. सकाळी उठल्यावर टाकीची पातळी बघायची. तोंड धुतलेलं पाणी वाळू, कोळसा आणि खडीतून गाळून भांड्यांना, भांड्यांचं पुन्हा गाळून पालकाच्या वाफ्याला. हवेच्या पंख्यावरचं गाळणीचं कापड रोज झटकायचं, नाहीतर मुरमाची धूळ उपम्यात येते. संडासात पाणी नाही, लाकडाचा भुसा. तिथे विद्वानांची तोंडं बघण्यासारखी होती. सौरपट्ट्या पुसायला बाहेर जायचं तर आधी पोशाख, मग दोन दारांमधल्या खोलीत थांबणं. गावातल्या आमच्या मुख्य केंद्राला, म्हणजे 'पृथ्वीला', निरोप पाठवला तर उत्तर मुद्दाम उशिरा येई, मंगळावरून येतं तसं. चौघांत मीच एकटी अशी होते जिला हे सगळं आवडलं. फुशारकी नाही, मंगळावर माणसं पाठवायची असतील तर मला पहिल्या यानात बसवा.

अन्वरभाई रोज पऱ्हाटीत दिसायचे, म्हणजे नियमाप्रमाणे दिसायचे नाहीत. पाठीवर फवारणीचा पंप, तोंडाला गमछा. बीटी बियाण्याची कपाशी लावली की अळीची काळजी नको, असं ऐकून सगळ्या शिवारानं तीच पेरलेली. पण यंदा बोंडं फोडली की आत गुलाबी अळी बसलेली असायची. मग दुकानदार देईल ती दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारायची. घुमटात वास यायचा. रश्मी म्हणाली, नोंद करू, मंगळावर प्रदूषण सापडलं. आम्ही हसलो.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी पट्ट्या पुसायला बाहेर पडले. दाराशेजारी, घुमटाच्या सावलीत, अन्वरभाई भिंतीला टेकून बसले होते, पंप बाजूला. वाटलं, दमलेत, बसले असतील. नियम म्हणजे नियम. मी पाठ फिरवून पट्ट्या पुसायला लागले. तेवढ्यात ओकारीचा आवाज आला. वळून पाहिलं तर तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं भिजलेलं, हातांना कापरं भरलेलं.

मी हेल्मेट काढून फेकलं आणि दोन्ही दारं एकदम उघडून ओरडले. रश्मी पांढरीफटक पडली. आधी केंद्राला विचारू, म्हणाली. मी म्हटलं, "तुझी पृथ्वी उत्तर देईपर्यंत हा माणूस राहायचा नाही." ती आत पळाली आणि मुद्दाम लावलेला तो उशीर बंद करून केंद्राची जीप मागवली. आम्ही हातमोजे घालून त्यांचे फवारणीच्या औषधानं भिजलेले कपडे उतरवले, त्यांना कुशीवर वळवलं, साबण लावला, आणि गाळून, वाचवून, थेंबाथेंबाने जपलेलं टाकीतलं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं. सगळं. इतके दिवस मी त्या पाण्यावरून सगळ्यांशी भांडले होते. त्या दिवशी बादली माझ्याच हातात होती आणि मला एका थेंबाचंही वाईट वाटलं नाही.

चिखलीच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ते बोलायला लागले. त्यांच्या बायको साबेराभाभी उशाशी बसल्या होत्या. मला राहवेना. विचारलं, हाताच्या अंतरावर दार होतं, आत चार माणसं होती, वाजवलं का नाहीत?

"वाजवलं असतं तर तुमचं सारं मोडलं असतं ना, ताई," ते म्हणाले. "त्या पोरीचं शिक्षण होतं त्याच्यात. मले वाटलं, बसलो थोडा वेळ तं उतरून जाईन."

रश्मी तिथेच रडायला लागली. मी रडले नाही, मी भांडले. जीव महाग की खेळ महाग, एवढंही कळत नाही का, म्हणून त्यांना भरल्या वॉर्डात झापलं. साबेराभाभी म्हणाल्या, "बोला, अजून बोला. माह्यं तं ऐकून नाई राह्यले." मग सगळेच हसलो, आणि तेव्हा कुठे माझेही डोळे भरून आले.

आमचा प्रयोग तिथेच संपला. रश्मीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार आहे, आणि करणारच आहे ती. मी घरी आले, भरल्या बादलीने अंघोळ केली, आठवडाभर जो भेटेल त्याला मंगळ सांगितला. जाणाऱ्यांनी जरूर जावं. टोपी न्या, आवडीचं लोणचं न्या, आणि खिडकीबाहेर जे दिसतं ते बघा, नियम काहीही असो.

परवा अन्वरभाईंना फोन केला. तब्येत बरी आहे, हात अजून थोडे थरथरतात. फवारणी सोडली म्हणाले, मला फार बरं वाटलं. मग विचारलं, अळीचं काय केलंत? म्हणाले, गावातला एक जण रोजानं लावला आहे, तोच फवारतो आता. मी विचारलं, तोंडाला काय बांधतो तो?

"गमछाच. दुसरं काय बांधन?"

दुकानात रंगाऱ्यांसाठी ठेवलेले, विषारी वास गाळणारे डबीवाले मास्क आहेत, हातमोजेही आहेत. होते तेवढे दोन पिशव्यांत भरले. भावानं विचारलं, परत मंगळावर का?

म्हटलं, नाही. अमडापूरला.