चिंचेने उजळलेलं कडं

स्वच्छतेच्या बाबतीत वनिताबाई कुणाच्या बापाचं ऐकत नसत. परदेशात, फ्लॅट बुशला मुलाकडे, सुमेधकडे, राहायला आल्या तरी देवाची तांब्याची भांडी चिंचेनेच घासायच्या. अपवाद एकच, नारायणरावांचा मफलर. नवरा गेल्यापासून त्याला त्यांनी पाणी लागू दिलं नव्हतं. सुनेने, विनिताने, एकदा चुकून धुण्यात घेतला, तर तिच्याशी अबोला धरला.

शेजारी फोलाके राहायची, नायजेरियाची, योरुबा जमातीची. मुलीचं लग्न शनिवारवर आलेलं आणि घरात रंगाऱ्यांचा राबता, म्हणून तिने आपल्या आजीचं कडं वनिताबाईंकडे सांभाळायला दिलं. जड, काळंकुट्ट, घोड्याच्या नालेसारखं एका बाजूला उघडं. पूर्वी त्यांच्याकडे असली कडी पैसे म्हणून चालत, सुमेधने तिचं इंग्रजी मराठीत करून सांगितलं. आजीच्या लग्नात सासरहून आलेलं हे कडं आता नातीच्या मुलीच्या ताटात ठेवायचं होतं.

लग्नाच्या ताटात असलं काळं? वनिताबाईंच्या जिवाला चैन पडेना. शुक्रवारी सगळे कामावर गेल्यावर त्यांनी चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि कडं घासघास घासलं. लख्ख निघालं. बाई स्वतःवर बेहद्द खूश.

संध्याकाळी फोलाके आली आणि कडं हातात घेऊन नुसती बघत राहिली.

"आई, तू घासलंस हे?" सुमेधने विचारलं.

"मग काय, तसंच द्यायचं?"

फोलाके रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कडं नाकाशी नेलं, हळूच काहीतरी म्हणाली. ते मराठीत सांगायला सुमेधला जड गेलं.

"आजी गेली तेव्हा तिच्या हातात होतं, म्हणतेय. तिच्या तेलाच्या हातांनी काळं झालेलं. वास यायचा तिचा. म्हणून घरात कुणी कधी धुतलं नाही."

"थँक यू, ममा," फोलाके म्हणाली आणि कडं घेऊन गेली. वनिताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी सकाळी विनिता धुणं गोळा करत होती. वनिताबाई मफलर घेऊन मशीनपाशी आल्या. आपणही तेवढंच भोगावं, असं त्यांनी रात्रभर मनाशी घोकलं होतं.

"आई, हा टाकायचा? नक्की?" विनिताने विचारलं.

त्यांनी मफलर शेवटचा नाकाशी धरला. नारायणरावांच्या तपकिरीचा वास अजून होता. हात काही पुढे जाईना. मफलरची घडी करून त्यांनी तो पुन्हा बॅगेत तळाशी ठेवला, आणि लग्नाला नेसायला काढलेली साडीही त्याच्यावर ठेवून दिली.