हुजुरांची वळकटी

निजामाच्या राजवटीत सेलूच्या स्टेशनावर एक मिशीवाला पाहिला होता. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गडी चांगला धिप्पाड. हातात नुसती काठी, आणि दुसरा हात सारखा मिशीला पीळ द्यायला मोकळा. मागून त्याची बायको येत होती. तिच्या डोक्यावर ट्रंक आणि कडेवर तापानं फणफणलेली पोर. गाडीला अवकाश होता. ट्रंक उतरवून ती मटकन खाली बसली.

"जरा लेकराला घेता का? हात भरून आलेत माझे."

त्यानं आधी आजूबाजूला कोण आहे ते बघितलं. मग सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असा खेकसला, "चार माणसांत लेकरू घेऊ? बांगड्या भरल्यात का मी?"

मी पोरीला घ्यायला उठणार, तेवढ्यात पोलिसांचा जमादार आला. त्यानं आपली वळकटी खाली टाकली आणि मिशीवाल्याकडं नुसतं बघितलं. एवढ्यावरच यानं काठी बायकोच्या हातात कोंबली, वळकटी डोक्यावर घेतली आणि "जी हुजूर, जी हुजूर" करत जमादारामागं फलाटाच्या पार टोकापर्यंत पळाला.

घाम पुसत परत आला, तेव्हा मला राहवेना. "दादा, आता कुठं गेल्या बांगड्या?"

"जमादार हाय त्यो, बाई," तो छाती काढून म्हणाला. "कुनालाबी वझं देत न्हाई. माणूस बघून देतो."

पोर रडायला लागली. त्यानं बायकोपुढं हात केला आणि आपली काठी तेवढी परत घेतली.