उशीच्या उंचीची खिडकी

पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत बन्सीभाऊला कुणी मिस्त्री म्हणतं, कुणी काका. गेल्या वर्षापासून काही टवाळ पोरं त्याला ‘समुद्रकाका’ म्हणतात, आणि तो हसतो. त्याचं ते हसणं मला बघवत नाही. जे घडलं त्यात माझाही वाटा आहे आणि तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. इथं लिहून टाकतो, म्हणजे निदान कागदाला तरी कळेल.

बन्सीभाऊ मूळचा गंगापूर तालुक्यातला, जायकवाडीच्या फुगवट्याकाठच्या गावचा. त्याच्या वडिलांचं, सखारामबाबांचं, काळंभोर वावर धरणात गेलं तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. पण उन्हाळा लागला की फुगवट्याचं पाणी मागं सरकतं आणि बुडालेली जमीन उघडी पडते. त्या गाळात लोक टरबूज-काकडी लावतात. सखारामबाबाही दरवर्षी आपल्याच बुडालेल्या वावरात उतरायचे, टाच रोवून माती पायाला किती घट्ट लागते ते बघायचे आणि म्हणायचे, "पाणी गेलं की चार महिने आपलं." बन्सीभाऊ शहरात आला तो हे वाक्य गाठीला बांधूनच.

एसटीच्या कारखान्यात बसच्या बॉड्या बांधण्यात त्याची तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर दोन महिने घरी बसला, घरातल्या सगळ्या कड्या-कोयंडे दुरुस्त करून झाले, मग शेजाऱ्यांचे केले, आणि शेवटी वाळूजला इंद्रजीतच्या शेडवर कामाला लागला. हा इंद्रजीत म्हणजे तिशीतला इंजिनिअर. जुन्या प्रवासी गाड्या घेऊन त्यांची घरं करायची, म्हणजे आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, आणि त्या कोकणात समुद्रकाठी मुक्काम करणाऱ्यांना द्यायच्या, असा त्याचा धंदा. तिकडं आता गाड्यांसाठी पार्क झालेत म्हणे. सुरूच्या झाडाखाली आखलेली जागा, विजेचा पॉइंट, पाण्याचा नळ. तिथं गाडी लावायची, खुर्च्या मांडायच्या आणि आपण रानात राहतोय असं समजायचं. आमचे आजोबा जत्रेला जाऊन बैलगाडीखाली झोपायचे, तेव्हा त्याचं कौतुक कुणी केलं नाही. आता त्यालाच आगाऊ बुकिंग लागतं.

पण बन्सीभाऊचं काम बघण्यासारखं होतं, हे मी माझी सगळी खवचट जीभ आवरून सांगतो. त्यानं केलेल्या कपाटाचं दार घाटातल्या वळणावर उघडत नसे. ताटांना असे खण, की गाडी खड्ड्यातून गेली तरी भांड्याला भांडं लागायचं नाही. आणि खिडकी! इंद्रजीतनं दाखवलेल्या परदेशी फोटोंत खिडक्या बसलेल्या माणसाच्या उंचीला होत्या. बन्सीभाऊनं मागच्या पलंगाची खिडकी चांगली दीड वीत खाली घेतली, अगदी उशीच्या उंचीला.

"काका, इतकी खाली कशाला?" इंद्रजीतनं विचारलं.

"झोपल्या माणसाला डोळं उघडल्याबराबर समोर दिसलं पाह्यजे," तो म्हणाला. "उठून बसावं लागलं तर मग काय मजा?"

गिऱ्हाईकं त्या खिडकीवर फिदा झाली. सगळे तिथूनच फोटो काढायचे. ती खिडकी कुणासाठी आहे हे मात्र फक्त मला ठाऊक होतं.

ती होती आशावहिनींसाठी, त्याच्या बायकोसाठी. वहिनी वैजापूरकडच्या, टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या. लग्न झाल्यावर बन्सीभाऊनं त्यांना क्रांती चौकातल्या एका स्टुडिओत फोटो काढायला नेलं होतं. मागं पडद्यावर निळा समुद्र, दोन नारळाची झाडं. तो फोटो अजून त्यांच्या भिंतीवर आहे. त्या दिवशी वहिनी म्हणाल्या होत्या, "कापडाचा दावला. खरा कवा दावता?" आणि हा म्हणाला होता, "दावतो." त्या ‘दावतो’ला चाळीस वर्षं झाली. आधी बहिणींची लग्नं, मग मुलींची, मग सखारामबाबांचं आजारपण. वहिनींनी पुन्हा कधी विचारलं नाही, हेच त्याला जास्त टोचायचं.

गेल्या वर्षी इंद्रजीतची नवी गाडी तयार झाली. तो पोरगा मनानं चांगला. म्हणाला, "काका, पहिली फेरी तुमची. काकूंना घेऊन जा, दोन दिवस राहा. टाकी, बॅटरी, सगळं तपासूनही होईल."

बन्सीभाऊ त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला. मी एकतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला, पण गल्लीत माझा उपयोग पंचांग बघण्यापुरताच. "सर, चांगला दिवस काढून द्या," तो म्हणाला. "नवी गाडी हाय, पयलीच फेरी, आन् तिला पयल्यांदा नेतोय."

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि मोठ्या रुबाबात सांगितलं, "माघी पौर्णिमा. याच्यापेक्षा चांगला दिवस नाही. पौर्णिमेला सकाळी पोचा."

हे मी सांगितलं. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येतं, हे ज्यानं एकतीस वर्षं फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं, त्यानं. मैदानात मुलांना सूर्य, चंद्र, पृथ्वी करून एका रेषेत उभं केलं, त्यानं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्याच कॅलेंडरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या होत्या. पान उलटावं असं मला सुचलं नाही. आमच्याकडं पाणी नळाला आठवड्यानं येतं, त्याच्यापलीकडं कुणाचं डोकं चालत नाही.

ते निघाले तेव्हा मी गाडीपुढं नारळ फोडला. वहिनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या.

पुढचं सगळं मला वहिनींनीच सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात बसून, खाली बघत.

रात्रभर गाडी हाकून ते सकाळी सातला पोचले. पार्कच्या राखणदारानं, सोमनाथ त्याचं नाव, त्यांना मागच्या रांगेतली जागा दाखवली. पुढच्या रांगा बुकिंगवाल्यांच्या. मागून खिडकीत काय दिसत होतं? पुढच्या गाडीचा संडासाचा पाइप. बन्सीभाऊ खिडकीशी वाकून बघत राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांनी आणलं, खिडकी दीड वीत खाली घेतली, ती हे दाखवायला?

सोमनाथ चहाला गेला तसा हा किनाऱ्यावर उतरला. समुद्र लांब गेलेला. पुढं सपाट, ओलसर, काळपट वाळू. त्यानं बापासारखी टाच रोवून बघितली. टाच रुतली नाही. होड्या ओढणारा एक ट्रॅक्टर वरून गेला, त्याच्या चाकाचा नीट ठसाही उमटला नाही. बन्सीभाऊ परत आला तो खुशीतच. "मुरमाच्या रोडवाणी घट्ट हाय," म्हणाला. "पाणी मागं गेलंय. उगं पाइपाच्या मागं कशाला राह्यचं?"

आणि त्यानं गाडी वाळूवर नेली. मागची खिडकी समुद्राकडं करून नीट, ओळंबा लावून तपासल्यासारखी सरळ उभी केली.

वहिनींनी पोहे केले. दोघांनी दारातल्या पायरीवर बसून खाल्ले. त्या म्हणाल्या, तो एक तास त्यांच्या संसारातला सगळ्यात चांगला होता. मग रात्रभराचा जागा असलेला बन्सीभाऊ पलंगावर आडवा झाला. "तू बी पड," म्हणाला, "आन् उठल्यावर खिडकीतून बघ." वहिनींना झोप कुठली येणार? त्या पायरीवरच बसून बघत राहिल्या.

साडेदहाच्या सुमाराला त्यांना वाटलं, शिंपल्यांची जी ओळ मघाशी कोरडी होती ती आता दिसत नाही. त्यांनी हाक मारली. "आवो, पाणी जवळ आल्यावाणी वाटतंय."

"वाऱ्यानं लाटा दिसत्यात," तो डोळे मिटूनच म्हणाला.

थोड्या वेळानं पुन्हा. "आवो, आवाज बी वाढलाय. एकदा बघा ना."

"आगं झोपू दे की."

तिसऱ्यांदा हाक मारली ती पाणी मागच्या चाकाला लागून परत गेलं तेव्हा. या वेळी तो खेकसला. "धरणकाठी जन्म गेला माझा. टँकरच्या गावची तू, मला पाणी शिकवती? गेलेलं पाणी आखाडाबिगर येत नसतं. गप बस!"

आणि वहिनी गप्प बसल्या. चाळीस वर्षांची सवय. पाणी खालच्या पायरीवर आलं तेव्हा त्यांनी पाय वर घेतले. वरच्या पायरीवर आलं तेव्हा लुगडं आवरलं. फरशीवर आलं, नवऱ्याची चप्पल तरंगत शेगडीपाशी गेली, तरी त्या बोलल्या नाहीत. चाकाखालची वाळू सरकून गाडी एका अंगाला कलली आणि बन्सीभाऊ पलंगावरून खाली पाण्यात पडला, तेव्हा तो जागा झाला.

सोमनाथ दोर घेऊन धावत आला. कमरेएवढ्या पाण्यातून त्यानं दोघांना बाहेर काढलं. दुपारी पाणी उतरल्यावर दोन ट्रॅक्टर लावून गाडी ओढली. इंजिनात खारं पाणी, प्लाय फुगलेला, कपाटाची दारं निखळलेली. तोवर पुढच्या रांगेतल्या बुकिंगवाल्यांनी सगळं मोबाइलवर टिपलं होतं. हिरव्या लुगड्यातली बाई, तिला धरून चालणारा अनवाणी म्हातारा आणि मागं कललेलं घर. संध्याकाळच्या आत तो व्हिडिओ आमच्या गल्लीत पोचला, त्याच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांगच रांग. माणसं बुडता बुडता वाचली यात हसण्यासारखं काय असतं, मला अजून कळलेलं नाही.

इंद्रजीत रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं बन्सीभाऊला कामावर ठेवलं, फक्त गाडीची चावी पुन्हा हातात दिली नाही. आणि प्रत्येक नव्या गाडीत एक पाटी लावायची ठरवली. ‘गाडी वाळूवर नेऊ नये. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा वर येते.’ ती लावायची कुठं? तर गिऱ्हाइकाची नजर हमखास जाते तिथं, त्या खिडकीशेजारी. गेल्या वर्षभरात बन्सीभाऊनं स्वतःच्या हातानं अकरा गाड्यांत ती पाटी ठोकली. चार-चार स्क्रू, अगदी सरळ.

परवा तो पुन्हा माझ्याकडं आला. इंद्रजीतनं विचारलं होतं, काकूंना घेऊन जाता का, या वेळी ड्रायव्हर देतो, जागा पुढच्या रांगेत. बन्सीभाऊ हरखला होता. खिशातून कागद काढला. त्यावर महिन्याभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा उतरवलेल्या. "अष्टमी घेतो, सर," तो म्हणाला. "अष्टमीला जोर नसतो पाण्याला. पुनव नगं."

पुनव नगं. मी मान हलवली. आत्ता सांगावं, असं मनात आलं. म्हणावं, बाबा रे, तू चुकलास ते तुझ्या बापाच्या वाक्यानं चुकलास, मी तर शिकलेला होतो. पण मी त्याच्या कागदावरच्या वेळाच वाचत राहिलो.

"तुमी चला," तो म्हणाला. "तुमच्यासमोर ती नाय म्हणायची नाय."

मी गेलो. वहिनी मेथी निवडत होत्या. त्यांनी मला बसा म्हटलं, चहा टाकला, त्याचं सगळं ऐकून घेतलं. ड्रायव्हर, पुढची रांग, अष्टमी. त्यानं कागद त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "मी पाह्यला."

"आगं तसा नव्हं. नीट, खिडकीतून. आता मी समदं विचारून घेतलंय. कवा येतं, कवा जातं."

"मी बी सांगत व्हते," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नाही, हात थांबले नाहीत. "तीनदा सांगितलं. समुद्र माझ्या पायाशी आला व्हता, आन् तुम्ही पाठ करून निजलेले. एकदा डोळं उघडलं असतं तर दोघांनी मिळून पाह्यला असता."

बन्सीभाऊनं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. भिंतीवर तो फोटो होताच, कापडाच्या समुद्रापुढं उभी असलेली दोघं. मी चहा संपवला आणि पौर्णिमेचं काही न बोलता घरी आलो.