पिठावरची वाट

गिरणीतून आणलेल्या कोमट ज्वारीच्या पिठाचा वास आला की सोनपेठचं आमचं घर आठवतं. वडील जिथं गेले, तिथं आईनं दहाव्याला पीठ पसरून वर टोपलं झाकलं होतं. सकाळी त्यावर ज्याची पावलं दिसतील, त्या जन्माला माणूस गेलं, असं आमच्याकडं मानतात. टोपलं उचललं तर पिठात मुंग्यांची बारीक वाट उमटलेली. "चौऱ्याऐंशी लाख योनींतून माझ्या भावाला मुंगीच भेटली व्हय?" म्हणत आत्या रडायला लागली. आई उठली, ओला फडका घेतला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तिनंच ओढलेली मुंग्यांच्या खडूची रेघ पुसून टाकली. "येऊ द्या त्यांना घरात," एवढंच म्हणाली. आता माझ्या ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली की मी पिठाच्या डब्याचं झाकण लावायचं मुद्दाम विसरते.