सेंत-एमिलिओंची लाल वाइन आणि दादाची मराठी

फ्रान्सला जायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. पुण्यात बिबवेवाडीबाहेर पडायचं म्हटलं तरी मी आधी गुडघ्यांचं आणि मग ट्रॅफिकचं कारण देते. पण क्लेअरवहिनीचा फोन आला. अरुणदादाला उन्हाळ्यात पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले, पण फ्रेंच गेली, इंग्रजीही गेली. उरली ती मराठी, आणि ती त्यांच्या गावात कुणालाच येत नाही. वहिनीला त्याला काहीतरी विचारायचं होतं. फोनवरच विचारू म्हटलं, तर तिच्या तुटक इंग्रजीत म्हणाली, नको, तू समोर हवीस.

दादा तरुणपणी पुण्याजवळच्या मांजरी गावात द्राक्षांच्या बागांत काम करायचा. तिथून शिकायला म्हणून फ्रान्सला गेला, क्लेअरशी लग्न केलं आणि निवृत्तीपर्यंत तिथल्या सेंत-एमिलिओं या गावी एका वाइनच्या तळघरात रमला.

जाणाऱ्यांसाठी सांगते. व्हिसाला भरपूर वेळ धरा. स्वारगेटहून मुंबईची बस, पॅरिसपर्यंत विमान, पुढे बोर्दोला वेगवान रेल्वे. तिचं तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. बोर्दोहून छोटी गाडी. सेंत-एमिलिओंचं स्टेशन द्राक्षमळ्यांमध्ये एकटंच उभं आहे. रिक्षा वगैरे विसरा, गावापर्यंत चढ चालायचा. वहिनी दादाला एकटं सोडून मला घ्यायला येऊ शकत नव्हती. नोव्हेंबर होता, तोडणी आटोपलेली, वेलींवर गंजलेल्या रंगाची थोडी पानं आणि सगळीकडे धुकं. शाकाहाऱ्यांनी पाव आणि शेळीच्या दुधाचं चीज गोड मानून घ्यावं.

मला पाहताच दादा बोलू लागला तो रात्रीच्या जेवणापर्यंत बोलत राहिला. वहिनी शेजारी बसून त्याच्या ओठांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच्या जुन्या तळघरात गेलो. चुनखडक कोरून केलेलं, थंड आणि ओलसर. तिथल्या मालकीणबाईंनी एक जुनी बाटली उघडली. डॉक्टरांनी घोटभर मुभा दिली होती. दादाने पेला फिरवला, वास घेतला आणि मला समजावू लागला. यात मेर्लो ही द्राक्षाची जात जास्त, ती चिकणमातीत खुलते, मऊपणा तिचा. कॅबर्ने फ्राँ ही दुसरी जात थोडीच, पण ती नसेल तर वाइन मिळमिळीत होते. खालचा चुनखडक पाणी धरून ठेवतो आणि कोरड्या दिवसांत मुळांना पुरवतो. मीही एक घोट घेतला. जांभळानंतर जीभ धरते तसा तुरटपणा, आणि मागून तपकिरीची डबी उघडल्यासारखा वास. दादाचं बोलणं मी इंग्रजीत सांगितलं, तेव्हा वहिनी म्हणाली, हे सगळं तो मला आयुष्यभर फ्रेंचमध्ये सांगत आला.

घरी परतल्यावर तिने विचारायचं ते विचारलं. त्याला पुण्याला जायचंय का? तिथे सगळे त्याच्याशी बोलतील. त्याला जायचं असेल तर ती अडवणार नाही. हे म्हणताना ती टेबलावरचे पावाचे कण गोळा करत होती.

मी दादाला सगळं सांगितलं. तो तिच्या हातांकडे बघत म्हणाला,

"तिला सांग, ती बोलते ते मला ऐकू येतं. पण नुसता आवाज येतो गं, शब्द येत नाहीत."

मी सांगितलं. मग पुण्याचं पुन्हा विचारलं.

"बोलायला माणसं तिकडे आहेत, मंगल. पण ही इकडे आहे ना."

हे वाक्य मी इंग्रजीत सांगितलं. वहिनीने त्याचा हात धरला.

परत येऊन आता वर्ष होत आलं. बोर्दो पाहिलं का, असं लोक विचारतात. नाही पाहिलं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावते, दोघांच्या मध्ये बसते, याचं तिला आणि तिचं याला सांगते. पावसाळ्यापासून दादाची मराठीही अडखळू लागली आहे. गेल्या आठवड्यात वहिनीने माझ्याकडून शिकून घेऊन त्याला स्वतःच विचारलं, "अरुण, जेवलास का?" उच्चार अगदी स्वच्छ होता. दादा तिच्याकडे बघून हसला, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. तो काय म्हणाला ते मी सांगेन म्हणून ती फोनमध्ये माझ्याकडे बघत थांबली. तिला सांगावं असं माझ्यापाशी काहीच नव्हतं.