नऊ ठिकाणची मापं

चहा ओतण्याआधी आमच्या लॅबमधले मामा कप टिचकीने वाजवून बघायचे. आवाज बद्द आला की कप बाजूला. कॅन्टीनवाला वैतागायचा. "वरून कळत न्हाई, बाबा. तडा आत लई गेल्याला असतो," मामा म्हणायचे.

तडे मोजण्यातच त्यांचा जन्म गेला होता. नगरच्या एमआयडीसीत आमची धातू तपासायची लॅब. पोलादाच्या तुकड्याला आधी मुद्दाम बारीक तडा पाडायचा, मग तो किती जोर सोसतो ते मशीनवर ताणून बघायचं. दोन शकलं झाली की सूक्ष्मदर्शकाखाली तो मुळातला तडा नऊ ठिकाणी मोजायचा. मामा सांगायचे, मी लिहायचे. तडा कडेपेक्षा मधे फार पुढे गेलेला निघाला तर चाचणी बाद. माझ्या आईच्या मनगटाचा एक्स-रे काढला तेव्हाही त्यांनी विचारलं, "नऊ जागी बगितलं का डाक्टरनी?"

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याला हसतो आणि त्याच्याच भरवशावर निवांत राहतो.

उसाचा हंगाम तोंडावर होता. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायचे हूक बनवणाऱ्याचा टेम्पो रिपोर्टसाठी दारात हॉर्न वाजवत होता. मी म्हणाले, "मामा, कडेची दोनच सांगा. मधली मी अंदाजाने भरते."

"ताई, नऊ म्हंजी नऊ."

"आजच्या दिवस, मामा."

ते सूक्ष्मदर्शकावर वाकले. मग त्यांनी दोन मापं सांगितली, उरलेली सात मी भरली आणि पोलाद पास झाल्याचा रिपोर्ट टेम्पोतून गेला. माझी बस चुकत होती, एवढंच कारण होतं.

पौषात घाटात एक हूक तुटला, ट्रॉली उलटली. मामांच्या गावची, पाथर्डीकडची ऊसतोडीची टोळी होती. दोघी गेल्या. हूक त्याच पोलादाचा होता.

गावी त्या दोघींचा दहावा करून मामा कामावर आले आणि कपाटातून ती दोन शकलं काढली. "लिवा, ताई." पाचव्या मापाला ते थांबले, डोळे पुसून पुन्हा बघितलं. मधला तडा इतका पुढे होता की चाचणी बादच होती. पोलाद चांगलं की वाईट, आम्हाला कळलंच नव्हतं.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, ट्रॉलीत ऊस जास्त भरला असेल.

"मी सांगितलं होतं," असं मामा मला एकदाही म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "आता काय मोजायचं, ताई?"

बाकीचे हूक कुठल्या ट्रॉल्यांना लागलेत, कोणालाच माहीत नाही. हंगामात मी बसथांब्यावर उभी असते. ट्रॉल्या जातात, उसावर बाया लेकरं घेऊन बसलेल्या असतात. मी प्रत्येक हुकाकडे बघते. वरून काही कळत नाही.